पाटे काढल्याचं सोंग

माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. आम्ही दोघं गाड्यांच्या पाट्यांचं काम करतो. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर भार तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. गिऱ्हाईक येतं ते पाटा वाढवायला, जास्त माल भरता यावा म्हणून. त्यामुळे दादाचा जावई आपला सिमेंट वाहायचा पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, दोन पाटे काढा, गाडी फार आदळते," तेव्हा दादाच्या मनात पाल चुकचुकली.

"सिमेंटची पोती कधीपासून कुरकुरायला लागली?"

जावई नुसता हसला आणि चहाला गेला. दादा लगेच केबिनमध्ये शिरला. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाड फोमची कोरी गादी होती आणि पाठीला उशी.

"बघितलंस? कोणीतरी बाई बसते इथे."

"तुझी मुलगीच बसत असेल."

"तिला कधी उशी लागली नाही. दगडांच्या ढिगावर झोपणारी पोर ती."

"मग सरळ विचार त्याला."

"विचारल्यावर खरं सांगेल तो? तू भोळा सांब आहेस."

दादाने नट सैल केले, पाटे पुसले, ग्रीस लावलं आणि सगळेच्या सगळे परत बसवले. फेरी मारताना गाडी मऊ वाटावी म्हणून चाकांतली हवा तेवढी उतरवली. त्या बयेची हाडं खिळखिळी होऊ देत, म्हणाला. मी सगळं पाहत होतो आणि गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

जावई फेरी मारून आला. खूश होता. दादाचे हात धरून म्हणाला, "मामा, फार मोठं काम केलंत."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. वाटेत पंपावर त्याने चाकांत हवा भरून घेतली होती, आणि पुढच्या खड्ड्यांनी शेजारी बसलेल्या पुतणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. चौथा महिना होता तिला. आम्हाला पत्ता नव्हता.

दवाखान्यात ती उताणी पडून होती. पायाखाली उशा होत्या. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस काही सांगता येणार नाही. दादा दारातच थांबला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"आधी दोनदा सांगितलं होतं, बाबा. दोन्ही वेळा मूल गेलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही यांच्यावरच संशय घेतलात. गाडी हाणली असेल म्हणालात." तिने डोळे मिटले. "या वेळी तरी म्हणू नका. पाटे तुम्हीच काढलेत ना."