शकूआत्यानं वाचलेलं नाव

शकूआत्या गेली, हे कळवणारा रोह्याचा फोन आला तेव्हा बाबा आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होते. एक डोळा झाला होता. त्यांनी दुसरा पुरा केला, कुंचला धुतला आणि मग लहान मुलासारखे रडले... महिना झाला, पण आठवलं की अजून भरून येतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवायची. एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडून लॅटिन शिकली आणि उतरत्या काळातल्या रोमन सम्राटांच्या पुतळ्यांखालचे लेख वाचायचं वेड घेऊन बसली. लोक हसायचे. ती मला सांगायची, "अगो, राजा पडला की त्याचं नाव छिन्नीनं खरवडायचे आणि त्याच चौथऱ्यावर नव्या राजाचं कोरायचे. शेवटची ओळ मात्र तीच, आम्ही आपल्या चरणी एकनिष्ठ!"

इटलीतल्या एका प्राध्यापकांशी तिचा पत्रव्यवहार होता. त्यांनी अशाच एका लेखाचा रबरी साचा तिला पाठवला. त्यातलं खरवडलेलं नाव आत्यानं त्यांच्यापेक्षा वेगळं वाचलं आणि तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, फोटोत तसं दिसत नाही आणि तुम्ही तर मूळ दगड पाहिलेलाही नाही. झालं! आत्या पेटली. तडक पेणला आली.

"दादा, प्लास्टर भिजव."

"एवढ्या मोठ्या माणसाशी कशाला भांडतेस गो?"

"भांडत नाय, दाखवते. खोटी ठरले तर लॅटिनची सगळी पुस्तकं बंबात घालीन."

साचा बघून ज्याचे हात शिवशिवत नाहीत तो पेणकर कसला! बाबांनी प्लास्टर ओतलं. सुकल्यावर दोघांनी ती प्लास्टरची फरशी दारातल्या तिरप्या उन्हात धरली, आणि नव्या अक्षरांखालून जुनी अक्षरं हळूहळू वर आली... आत्याचंच खरं होतं. आमचे गणपती बांधतात तशी भाताच्या पेंढ्यात बांधून ती फरशी इटलीला गेली.

दोन वर्षांनी प्राध्यापकांचा ग्रंथ आला. त्यात आत्याचं वाचन, तिचं नाव आणि नावापुढे 'पेण'! बाबांनी ते पान अख्ख्या बाजाराला दाखवलं. एकाला अक्षर कळलं असेल तर शपथ! पण छाती सगळ्यांचीच फुगली होती, माझी तर अजून फुगते.

आमच्याकडे कारागीर मूर्तीवर स्वतःचं नाव कधी घालत नाही. परवा कारखान्यात गेले तर बाबा गणपतीच्या बैठकीखाली, ओल्या शाडूत, काडीनं 'शकू' लिहीत होते.

"बाबा, विसर्जनात विरघळेल ते."

"विरघळू दे," बाबा म्हणाले. "खरवडणार तर नाय ना कोण."