शेवटचा फर्मा आणि त्यापुढचा संसार

माझ्या आत्याने लग्न केलं नाही, पण संसाराचा अनुभव विचाराल तर लग्न झालेल्या चार बायकांना पुरून उरेल एवढा तिच्या गाठीला आहे. तो तिने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, लाकडी टेबलाशी बसून, हाडाच्या पट्टीने कागदाच्या घड्या घालता घालता जमवला. माझी बायकोही त्याच टेबलाशी बसते आणि आत्या आमच्याकडेच राहते, त्यामुळे तिथलं काहीही आमच्या घरी शिळं होऊन येत नाही.

आता या कारखान्याची रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. छापखान्यातून मोठाले कागद येतात. एका कागदाच्या नीट घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. मुकादमाचा नियम असा की ज्या बाईला जो फर्मा दिला तो तिचाच. अदलाबदल केली तर पानांची उलटापालट होते आणि नायिका लग्नाआधी बाळंत होते. असं एकदा झालंही होतं. तेव्हापासून मुकादम फर्म्यांच्या बाबतीत सासूपेक्षा कडक.

या कारखान्यात एक जुनी प्रेमकथा दरवर्षी बांधायला येते. आजीने चोरून वाचलेली, आईने उघड वाचलेली आणि नातीने परीक्षेसाठी वाचलेली, अशा जातीची. तिच्या घड्या घालून बायकांना आपापला फर्मा तोंडपाठ झालेला आहे, आणि बाकीच्या फर्म्यांची खबर कुणालाच नाही. दिवसभर कागद मोडून घरी गेल्यावर पुन्हा पुस्तक कोण हातात धरणार? पहिल्या फर्म्याच्या बाईच्या मते ते डोंगर आणि धुक्याचं पुस्तक आहे. सातव्या फर्म्यात नायक भलत्याच मुलीबरोबर गाडीतून फिरताना दिसतो. ती त्याची मावसबहीण निघते, पण ते आठव्यात. म्हणून सातव्या फर्म्याच्या बाईच्या, म्हणजे आमच्या सातवीच्या लेखी तो अजूनही बदफैली. माझ्या बायकोकडे नववा. त्यात त्याला ताप आलाय. "सोळा पानं नुसता कण्हतो मेला," हे तिचं साहित्यविषयक मत.

आत्याकडे शेवटचा फर्मा. त्यात लग्न लागतं, पाहुणे जेवून जातात, दार बंद होतं आणि गोष्ट संपते. ही दोघं एकमेकांच्या प्रेमात कशी पडली, भांडली कधी, रडली किती, याची आत्याला गंधवार्ता नाही. तिला ती थेट लग्नातच भेटली, म्हणून ती त्यांना नवरा आणि नवरी म्हणते. बाकीच्यांना प्रश्न पडायचा, याच्याआधी काय झालं असेल. आत्याला एकच पडायचा: दार बंद झालं, पुढे काय?

कुणी सांगेना, तेव्हा ती स्वतःच सांगू लागली. हात घडीवर, तोंड गोष्टीवर. आणि टेबलाभोवतीच्या अनुभवी बायका तिची परीक्षा घेऊ लागल्या.

"सकाळी नवरा उठला, पांघरुणाची घडी घातली..."

"थांब!" सातवी ओरडली. "कोण घालतो घडी? असला नवरा असेल तर पत्ता दे."

"बरं, नाही घातली. मग त्याने प्रेमाने विचारलं, तुला काय हवं?"

"आत्या," माझी बायको म्हणाली, "नवरा विचारतो ते एकच, माझा मोजा कुठाय."

असं करत करत संसार मार्गी लागला. नवरा घोरू लागला, नळ गळू लागला, सासूबाई चार दिवसांसाठी येऊन चार महिने राहिल्या. मूळ लेखकाने जे दार लावून घेतलं होतं ते या बायकांनी सताड उघडलं आणि आत जाऊन भांडीसुद्धा मोजली.

कोपऱ्यात कटिंगचं यंत्र आहे. बांधलेल्या पुस्तकांच्या कडा त्यावर कापतात. ते चालवणारे मास्तर विधुर. अबोल इतके की त्यांच्यापेक्षा यंत्र जास्त बोलायचं, खाट्, खाट्. पुढे पुढे असं होऊ लागलं की आत्याची गोष्ट सुरू झाली की यंत्र गप्प. मुकादम ओरडला तर मास्तर म्हणायचे, "पात्याला धार लावतोय." ते पातं एवढ्या वेळा लावलेल्या धारेने झिजून चाकूएवढं व्हायला हवं होतं.

एक दिवस आत्या सांगत होती, "नवरी उठली आणि चुलीकडे गेली." कोपऱ्यातून आवाज आला, "आधी खिडकी उघडेल."

सगळ्या माना वळल्या.

"उठल्या उठल्या," मास्तर खाली बघत म्हणाले. "थंडी असली तरी. नवरा पांघरुणातून बोंब मारेल, तरी उघडेल."

त्या दिवशी आत्या घरी आली ती हवेत. जेवताना तीनदा म्हणाली, "आज मास्तर बोलले." दुसऱ्या दिवसापासून आरसा तिला सकाळी सोडेना. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिडवू नये असं शास्त्र आहे, पण मी ते वाचलेलं नाही. "आत्या, पावडर मानेवर राहिलीय," असं म्हटलं की ती लाटणं उगारायची आणि लगेच मान पुसायची.

मास्तर रोज काही ना काही पुरवू लागले. नवरी गाते, पण बेसूर. पुडीचा दोरा फेकत नाही, गुंडाळून ठेवते. हसताना तोंडावर हात धरते, कारण पुढचा दात वाकडा आहे. आत्या प्रत्येक गोष्ट ओंजळीत घ्यावी तशी घ्यायची आणि दुपारच्या गोष्टीत घालायची.

मग एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती आणि मधेच थांबली. "मी नवरीला डावखुरी केली होती," ती माझ्या बायकोला म्हणाली. आत्या स्वतः डावखुरी आहे. "पहिल्यापासून. तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. आज मी म्हटलं, नवरीने डाव्या हाताने पाणी दिलं. तर ते म्हणाले, छे, ती असं कधी करत नसे."

"नसे म्हणाले?"

"हो. करणार नाही असं नाही म्हणाले. नसे म्हणाले." आत्याने भाजीचं देठ मोडलं. "इतके दिवस मी त्यांच्याच बायकोचा संसार सांगत होते गं. मला वाटत होतं, माझा."

माझ्या जिभेवर नेहमीप्रमाणे एक विनोद आलेला होता. तो मी गिळला.

तरी गोष्ट थांबली नाही. हवा बदलली होती, कारखान्यात सगळ्या खोकत होत्या, म्हणून आत्याने नवरीलाही सहज खोकला लावला. मास्तरांचा चेहरा उतरला. त्या दिवशी ते धार लावायचं निमित्तसुद्धा विसरले. त्यांची बायको याच दुखण्याने गेली हे पहिल्या फर्म्याच्या बाईला ठाऊक होतं. ती त्यांच्या जुन्या शेजारातली. तिने ते चहाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं.

आणि मग नळाशी उभ्या राहून, पेले विसळत, या सज्जन बायकांनी एका नायिकेच्या खुनाचा कट रचला.

"मारून टाक तिला," सातवी म्हणाली.

"अगं, हळू बोल!"

"हळू काय? पुस्तकातलीच आहे. मेली की मास्तर रडतील, मोकळे होतील. मग नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आण. डावखुरी आण."

"खरंय, आत्या," माझी बायको म्हणाली. "किती वर्षं तिलाच धरून बसलेत. जाऊ द्या तिला. तुमचंही काही आयुष्य आहे की नाही?"

आत्याने पेला उपडा ठेवला. "बघू," म्हणाली.

सुट्टी संपल्यावर ती टेबलाशी बसली. कागद ओढला, पट्टी हातात घेतली. टेबलावर असली शांतता की मुकादमालाच संशय आला. "नवरीचा खोकला वाढला," आत्या म्हणाली. "नवऱ्याने तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे..."

"त्याच्याकडे नका नेऊ."

मास्तर यंत्र सोडून टेबलापाशी आले होते. अंगावर कागदाच्या कातरणांचा चुरा, दोन्ही हात एकमेकांत घट्ट.

"तो म्हणेल, साधा खोकला आहे. नवऱ्याला ते पटेल, कारण त्याला ते पटवून घ्यायचं असतं. दुसऱ्याकडे न्या. मोठ्या दवाखान्यात. आणि लवकर न्या, बाई. आजच न्या."

सातवी टेबलाखालून आत्याचा पाय दाबत होती. बायको सांगते, आत्याने मास्तरांकडे एकदाच पाहिलं. मग घडीवर पट्टी फिरवली.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं दार बंद होतं," ती म्हणाली. "म्हणून नवरा तिला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेवर आणलंत."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. आत्याने तिथल्या तिथे नवरीला औषध दिलं, घाम आणला, ताप उतरवला, पेज भरवली. काम संपायच्या घंटेपर्यंत तिने नवरीला स्वतःच्या पायांनी घरी आणलं आणि खिडकी उघडायला लावली. सातवी नाक पुसत म्हणाली, "वाटोळं केलंस स्वतःचं."

मास्तर अंगावरचा चुरा झटकत उठले. मग म्हणाले, "इथून पुढचं मला ठाऊक नाही. आमचं इथवरच झालं. आता तुम्हीच सांगा. म्हातारपण बिरपण." आणि जाता जाता, "उद्या सांगाल ना?"

"सांगते की," आत्या म्हणाली.

घरी येऊन ती जेवली नाही. माझ्या बायकोजवळ बसली.

"गुडघे दुखायला लागले की नवरा काय करतो गं?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उंच धरलं. "काही करत नाही. आतून नुसती हाक मारतो, चहा झाला का म्हणून."

"रोज?"

"रोज. चुकत नाही."



"हे चांगलं आहे," आत्या म्हणाली. "हे घेते मी."