बिनड्रायव्हरची गाडी

आपल्या देशाचा माणूस आकाशात जाऊन आला, त्या सालचा उन्हाळा. विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्याकडची गावं आधीच धुमसत होती, त्यात पाणी आटलं. लेक माझ्याकडे बाळंतपणाला आली होती. बाळंत होऊन तिसरा दिवस, आणि घरातला रांजण कोरडा. तान्ह्या पोरीला अंघोळ घालायला तांब्याभर पाणी नव्हतं.

मी सकाळपासून घागर घेऊन गावच्या विहिरीपासून लांब, लिंबाखाली उभी. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्या विहिरीला शिवायचं नाही, कोणीतरी वरून घागरीत ओतायचं, अशी रीत. ओतायला कोणाला सवड नव्हती.

पारावर रेडिओ लागला होता. रशियाची एक गाडी, आत माणूस नाही, ड्रायव्हर नाही, आपली आपण वर गेली आणि आकाशातल्या घरात राहणाऱ्यांना तिनं पाणी, खाणं पोचवलं, अशी बातमी होती.

"काय डोकं हाय बघा," सरपंच म्हणाला.

मी लिंबाखालूनच बोलले, "मालक, तिथवर पाणी जायलंय, मग या लिंबापर्यंत का येईना?"

सगळा पार हसला. "तू बी मागव की वरून टँकर!" एकजण म्हणाला.

दुपार कलल्यावर परभणीहून टँकर आला. ड्रायव्हर पालमकडचा, तरणा. त्यानं पाईप विहिरीत सोडला आणि मला हाक मारली, "मावशी, लांब का उभ्या? आणा घागर."

"आमची घागर चालत न्हाई इथं."

"मग माझा हात कसा चालला? मी बी तुमच्यातलाच हाय."

त्यानं पाईप ओढून काढला, चालत आला आणि माझ्या घागरीत धरला. घागर भरून पाणी माझ्या पायांवर सांडलं.

"बंद कर ते!" सरपंच ओरडला.

त्याची बायको घागर घेऊनच उभी होती. ती म्हणाली, "आता बंद करून काय करता? निम्मं विहिरीत गेलं. लेकरं काय पेतील?"

मग कोणाच्या तरी गोठ्यातून गोमूत्र आणलं, विहिरीत शिंपडलं आणि सगळ्यांनी पाणी भरलं. गाईच्या मुतानं पाणी चोख झालं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिंबाखाली उभ्या, आम्हाला चोख करणारं काही त्यांच्या गोठ्यात नव्हतं.

नातीला त्या दिवशी अंघोळ मिळाली.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर बदलला होता. तो खाली उतरायच्या आधीच सरपंचानं दारावर हात ठेवून विचारलं, "गाव कोणतं? आडनाव काय?" उत्तर पटलं, तेव्हा कुठं पाईप सुटला.

आकाशातल्या गाडीत ड्रायव्हर का बसवत नाहीत, ते मला कोणी शिकवायला नको. तिला आडनाव विचारता येत नाही, म्हणून पाणी पोचतं. माझी घागर त्या दुसऱ्या खेपेला अंधार पडेपर्यंत रिकामीच होती.