भरलेलं पिंप

बाहत्तरच्या दुष्काळात काष्टीच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं आणि मॅट्रिक झालो म्हणून मला तिथं हजेरी कारकुनी मिळाली. उंचवट्यावर टेबल, वर छत्री, पुढ्यात मस्टर आणि लोकांवर ओरडायचा अधिकार. विसाव्या वर्षी एवढं मिळाल्यावर माणूस जेवढा शहाणा होतो, तेवढा मीही झालो होतो. माझी थोरली बहीण, आक्का, त्याच कामावर मातीच्या पाट्या वाहायची.

उन्हाळ्यात खोऱ्याचा दांडा हाताला चटके द्यायचा. साहेबांच्या मागं लागून मी बैलगाडीनं पाण्याचं पिंप आणवायचो, त्याला ओलं गोणपाट गुंडाळायचो. संध्याकाळी बघावं तर निम्मं पिंप तसंच. पुरुष प्यायचे. बायका नुसती चूळ भरायच्या, पदर भिजवून डोक्यावर घ्यायच्या आणि पुन्हा पाटी उचलायच्या. मी रोज डोकं फोडून घ्यायचो. अडाणी, हेकट, तोंडाला येईल ते बोललो त्यांना. खाली मान घालून ऐकायच्या, पण एकीनंही कधी कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

आक्काला उन्हाळी लागली. लघवीला आग व्हायची, कंबर धरून चालायची. घरी गेल्यावर तांबेच्या तांबे पाणी प्यायची आणि कामावर मात्र थेंब नाही. याला काय म्हणावं? मग एका दुपारी ती पाटीसकट कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. गाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मलाच झापलं. पाण्याविना मूत्रपिंडं धरली होती. पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही म्हणाले.

दोन दिवसांनी ती उठून बसली तसा माझा संताप बाहेर पडला. समोर भरलेलं पिंप असतं, मरायचंच आहे का तुला, असं मी खाटेशेजारी उभा राहून ओरडलो. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"प्यालं की जायाचं कुठं? बाभळी तोडून शेरडांना घातल्या. चहूकडं गडीमानसं. आनि तू उंचावर बसलेला, समदं रान तुझ्या नजरंत. भावाला काय सांगायचं रं?"

महिनाभर मी बायकांच्या हेकटपणावर भाषणं दिली होती आणि अडचण टेबल मांडून मीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मांडवाची कनात काढून खालच्या घळीत आडोसा केला. दुपारपर्यंत पिंप रिकामं झालं. चौथ्या दिवशी साहेब आले, कनात कुठं गेली म्हणाले. सांगितलं तर ओशाळले, मग चिडले. अंदाजपत्रकात आडोशाची तरतूद नाही, म्हणाले. मीही असा शूर, की "होय साहेब" म्हणून कनात परत बांधली. त्या 'होय साहेब'ची चीड मला आजही येते.

संध्याकाळी, दवाखान्यातून घरी आलेल्या आक्काला हे सांगितलं. ती शेजारणीला हाक मारून आत घेऊन गेली.

सकाळी प्रत्येक बाई खांद्यावर एकेक जुनं लुगडं टाकून आली. घळीत पहारी रोवून त्यांनी लुगडी बांधली. माझी परवानगी कुणी मागितली नाही. मग चौघीजणी उंचवट्यावर आल्या, माझं टेबल उचललं आणि घळीकडं पाठ होईल असं ठेवलं.

आठ दिवसांनी आक्का कामावर आली. पिंपाशी थांबली, तांब्या भरला आणि माझ्यादेखत घटाघटा प्यायली. मग पाटी उचलून माझ्या पाठीमागं गेली. मी वळून पाहिलं नाही.