तुळशीची कुंडी

बाळांनो, गेल्या आठवड्यात तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, व्हिडिओ कॉलवर तुम्हांला सांगितलं की आजीनं त्यांचं भूमिपूजन उधळलं. खरं आहे. पण का, ते त्यांनी गाळलं, म्हणून आज लिहायला बसले.

शहराबाहेर, हेब्बाळच्या पुढे, आपली सामाईक जमीन आहे. तिच्यावर दोन उंचवटे होते, भोवती दगडांचं वर्तुळ. गावकरी त्यांना पांडवांची घरं म्हणत. तुमच्या आजोबांनी एकदा कॉलेजातल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांना बोलावून दाखवलं. ती थडगी निघाली, लोखंड नवं होतं तेव्हाची, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. आत फरशांची पेटी असते, तिच्यात मडकी, मडक्यांत माणसांची हाडं, सुरी, लाल मणी, असं ते म्हणाले. त्यानंतर आजोबांनी तिथे नांगर फिरू दिला नाही.

आजोबा गेल्यावर मी तुमच्याकडे राहायला आले. तेवढ्यात भावोजींनी जेसीबी लावून एक उंचवटा सपाट केला. प्लॉट पाडायचे होते. मी परत आले तेव्हा तिथे लाल माती होती आणि खुणेचे खुंट. मणी कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. एक काळं-तांबडं मडकं मात्र मला जयनगरला त्यांच्या गच्चीवर दिसलं. जाऊबाईंनी त्यात तुळस लावली होती. रोज पाणी, दिवा, प्रदक्षिणा.

मी चहा प्यायले आणि निघाले.

दुसऱ्या उंचवट्यावर जेसीबी चालवायच्या दिवशी भूमिपूजन ठेवलं. प्लॉट घेणारे सहकुटुंब आले होते. भावोजींनी शोभेसाठी ती तुळस आणून गुरुजींच्या शेजारी ठेवली. संकल्प सुरू व्हायच्या आत मी विचारलं, "भावोजी, कुंडी कुठली हो?"

"इथलीच, वहिनी. एकदम अँटिक."

"हाडं काढून धुतलीत, की वरूनच माती भरलीत?"

गुरुजींचा हात थांबला. "कसली हाडं, अक्का?"

"माणसांची. ही दोन्ही थडगी आहेत, गुरुजी. एक उपसून झालंय, दुसऱ्यावर तुम्ही बसला आहात."

गुरुजी उठले आणि पळी-पंचपात्र पिशवीत भरू लागले. एक कानडी गृहस्थ "स्वल्प, जरा फोन करून येतो" म्हणत गाडीकडे गेले ते गेलेच. बाकीचेही पांगले.

"वहिनी, तुम्ही तरी घरच्या," भावोजी म्हणाले.

"घरचीच आहे. म्हणून तर सगळे जमेपर्यंत थांबले."

जाऊबाई खाली बसून रडत होत्या. त्यांचं मला वाईट वाटलं, भावोजींचं नाही. अजूनही वाटत नाही. त्या जागेला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून ते दर सणाला कुरकुरतात आणि मी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढते.

पहिला उंचवटा गेला. दुसरा आहे. त्याच्या वर्तुळातला एकही दगड हललेला नाही.