पळसवीराचं मातीचं घर

चंपाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पळसवीराची चित्रकथा घरात आली की आधी तिच्याच हातात जाई. पळसवीर कुणाशी लढला, पूर कसा अडवला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. भराभर पानं उलटून ती त्याच्या घरापाशी येई आणि तिथं थांबे.

कारण ते घर तिचं होतं. तिचा मुलगा अमरदीप आदिलाबादच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि नागपूरच्या एका प्रकाशकासाठी ही चित्रकथा काढायचा. पळसफुलाच्या रंगाचा शेला पांघरून उडणाऱ्या त्या वीराला कुठंतरी राहायला हवं होतं. अमरदीपनं त्याला तलमडुगू गावातलं आपलंच घर दिलं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढच्या खोलीत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, केलेल्या शेताचा कापूस आढ्यापर्यंत रचलेला. लहानपणी अमरदीप त्यावर झोपायचा. आता आभाळातून आलेला पळसवीर त्याच कापसावर धपकन पडायचा. आत चुलीपाशी त्याची माय बसलेली असे. तिच्या कपाळावर चंपाबाईच्या कपाळावरचंच गोंदण होतं.

पहिल्या अंकात अमरदीपनं चूल दारासमोर काढली होती.

"दारासमोर चूल कोन मांडते रे?" चंपाबाई म्हणाली. "राख साऱ्या घरात उडंन ना. अन् एवढा उडते तुया हा बाबू, तं मायच्या घराचे कवेलू नाही फेरून देत?"

पुढच्या अंकात चूल कोपऱ्यात गेली आणि पळसवीर पावसाळ्याआधी छपरावर बसून, फुटके काढत, कवेलू फेरू लागला.

"आई, तुमी तं त्याले बी कामाले लावलं," सून मैत्री हसून म्हणाली.

मग चंपाबाईचा नवरा रामाजी गेला. त्याच अंगणात त्याचं पुण्यानुमोदन झालं. लोक जेवले, त्याच्या दोन आठवणी सांगून गेले. अमरदीपनं आईला आदिलाबादला आणलं आणि घर विकलं. घेणाऱ्यानं ते पाडून स्लॅबचं बांधलं. चंपाबाई एकदा बसनं जाऊन ते बघून आली. रस्त्यावरूनच बघितलं, पाणीसुद्धा मागितलं नाही. त्यानंतर पुस्तकातल्या घराच्या उंबऱ्यावर तिचं बोट जास्त वेळ टेकू लागलं.

यंदा प्रकाशन दुसऱ्याच्या हातात गेलं. नव्या संपादकानं अमरदीपला फोनवर सांगितलं, मुलांना आता मातीचं घर आपलं वाटत नाही. पळसवीर काचेच्या मनोऱ्यात राहील, प्रयोगशाळेत जन्मलेला असेल. जुन्या अंकांचं काय, असं अमरदीपनं विचारलं. ते घडलंच नाही असं धरायचं, असं उत्तर आलं. अमरदीपनं सांगितलं तसं काढून दिलं. छापलेला अंक आला तेव्हा तो त्यानं कपाटावर टाकला.

"अमर, पुस्तक नाही आलं का या महिन्यात?"

अमरदीपनं अंक काढून दिला. चंपाबाईनं पुढून पानं उलटली, मग मागून.

"घर कुठं हाय?"

"हे पाय, इथं राह्यते तो आता."

तिनं काचेच्या मनोऱ्याकडं बघितलं. "अन् त्याची माय?"

"माय नाही त्याले."

"कवा मेली? तू सांगितलं नाही मले."

"मेली नाही. नव्हतीच, असं ठरवलं त्यायनं. घर बी नव्हतं."

"नव्हती कशी? मी पायली ना."

अमरदीपनं मनोऱ्याचं पान उलटून टाकलं.

"मेली असती तं पुण्यानुमोदन केलं असतं," चंपाबाई हळू म्हणाली. "चार लोकायले जेवू घातलं असतं, कोनी म्हनलं असतं बाई चांगली होती. नव्हतीच म्हनलं तं काय करावं मानसानं?"

"माय, मी 'नाही' म्हनू शकलो नाही त्यायले."

"तू तरी काय करशीन," ती म्हणाली आणि अंक त्याच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात अमरदीपनं नवा अंक तिच्या खाटेवर ठेवला. दिवसभर तो तिथंच होता. झोपताना चंपाबाईनं तो उचलून खिडकीत ठेवला.

"आई, पायत नाही का?" मैत्रीनं विचारलं.

"ओळखीचं कोनी नाही त्याच्यात," चंपाबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.