संधी म्हणा

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या शाळेत दर शनिवारी एक सर येतात. एक संस्था, आमची शाळा आणि वर्तकनगरच्या दोन सोसायट्या मिळून गरीब पालकांना छोटे धंदे काढून देतात, त्या उपक्रमाचे हे प्रमुख. मी तिथली शिक्षिका, त्यामुळे त्यांना चहा देणं माझ्याकडे. धंदा शिकायला येणाऱ्या बायका चपला दाराबाहेर काढतात आणि सर बूट घालून सतरंजीवर फिरतात. कुणाचंही नाव त्यांना ठाऊक नाही, सगळ्या ताई.

इडल्या विकणाऱ्या एका आईने एकदा विचारलं, "सर, आमच्याकडे पाणी दोन दिवसांनी येतं. एवढी भांडी घासायची कशी?"

"ताई, अडचण म्हणू नका, संधी म्हणा," सर म्हणाले आणि सगळ्यांकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. ती बिचारी विकतचं पाणी आणून इडल्या करत राहिली.

परवा त्याच बायकांना प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांच्या नाश्त्याचे बॉक्स ठाण्याच्या हॉटेलातून आले.

"सर, आमच्या इडल्या नाही सांगितल्या?" तिने विचारलं.

"ताई, मोठी माणसं आहेत," सर हळूच म्हणाले. "उद्या कुणाचं पोट बिघडलं तर?"

"अडचण म्हणू नका सर," ती शांतपणे म्हणाली, "संधी म्हणा."

मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. सरांनी खूश होऊन मोबाईल काढला.

"वा ताई. हेच परत एकदा बोला, इकडे कॅमेऱ्यात बघून."